एका डीत (गोलसमोरच्या चौकटीत) पेनल्टी, दुसऱ्या डीत 'खेळा पुढं' : रेफ्रीचा हा कुठला न्याय?

बाभूळकाटा | रविवार, रात्री १०.५२

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहायलोय. शुद्धलेखन कुणी काढू नका.

आज आमच्या परभणीत फायनल होती. अकरा-अकराची, पूर्ण मैदानावर. ऊन एवढं की पाच वाजता खेळ सुरू झाला तरी बूट खालून भाजत होते. विसाव्या मिनिटाला त्यांच्या पोरानं दोन पावलांवरून बॉल हाणला, तो आमच्या स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) कोपराला लागला. रेफ्री पळत आला, बोट थेट पेनल्टी स्पॉटवर. गोल. एक-शून्य.

दुसऱ्या हाफला हेच सगळं उलट्या बाजूला. त्यांचा डिफेंडर, आमचा शॉट, बॉल हाताला. आवाज आला राव, बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसांनी ऐकला! रेफ्रीनं दोन्ही हात पुढं केले. खेळा पुढं. सामना एक-शून्यवरच संपला.

मी विचारायला गेलो तर म्हणतो, "तुमच्या वेळेस हात अंगापासून लांब, पसरलेला होता." आणि दहा मिनिटांनी बघतो तर हाच माणूस त्यांच्या मॅनेजरसोबत रसवंतीवर उसाचा रस पितोय.

तर प्रश्न असा, रेफ्री चुकतात की ठरवून करतात? तुमचे अनुभव सांगा.

चुन्याची रेघ | रविवार, रात्री ११.०४

रसाचे पैसे कुणी दिले? त्यावर सगळं अवलंबून आहे.

बाभूळकाटा | रविवार, रात्री ११.०६

ते बघितलं नाही. पण ग्लास मोठा होता.

लातूरचा लेफ्टबॅक | रविवार, रात्री ११.३१

तुमच्याकडं हातावरून भांडण तरी होतंय. आमच्याकडं गोल झाला का नाही यावरून व्हायचं. शाळेत असताना आमच्या गोलपोस्टला जाळी नव्हती. दोन बांबू, वर सुतळी. बॉल खांबाच्या आतून गेला का बाहेरून, सुतळीच्या खालून का वरून, हे ठरवायला पंचवीस जणांची सभा भरायची. शेवटी ज्याच्या बाजूला जास्त मोठी पोरं, त्याचा गोल. रेफ्री म्हणजे आमचे पीटीचे सर, ते सेंटरला खुर्चीवर. उन्हात पळून करणार काय बिचारे.

एका वर्षी कुणाच्या तरी मामानं जायकवाडीकडून मासे धरायचं जुनं जाळं आणून बांधलं. तवा वाटलं की मिटलं भांडण. तर जाळ्याला बाजूनं भोक! पहिल्याच मॅचला बॉल बाहेरून भोकातून आत आला आणि सरांनी गोल दिला.

रात्री दीडला जागा | सोमवार, पहाटे १.४०

@लातूरचा लेफ्टबॅक, हसू नका, अगदी हेच जर्मनीत पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये झालंय. ऑक्टोबर २०१३, हॉफेनहाइम विरुद्ध लेव्हरकुसेन. लेव्हरकुसेनच्या कीसलिंगचं हेडर बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत गेलं, रेफ्रीनं गोल दिला आणि निकालसुद्धा तसाच कायम राहिला. तुमच्या सरांना नावं ठेवू नका.

मूळ प्रश्नावर: मी लिव्हरपूलवाला आहे, त्यामुळं जखम ताजीच असते. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमच्या मैदानावर. आमच्या लुईस डियाझचा गोल लाइनमननं ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीच्या, खोलीतल्या माणसानं रेघ मारून बघितलं, तो ऑफसाइड नव्हता. पण त्याला वाटलं की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून तो 'तपासणी पूर्ण' म्हणून मोकळा झाला. खेळ पुन्हा सुरू झाला. मग खोलीत एकच गोंधळ, पण एकदा खेळ सुरू झाला की नियमानं मागं येता येत नाही. आम्ही शेवटी नऊ जणांनी खेळलो आणि शेवटच्या क्षणी स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घालून २-१ हरलो. नंतर त्या खोलीतलं रेकॉर्डिंग बाहेर आलं, ते ऐका. विकलेल्या माणसांचा आवाज असा नसतो. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे टाकल्यावर क्लार्कचा होतो ना, तसला आहे.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७.१५

लिव्हरपूलचं जाऊ द्या हो. आपलं काय? ११ जून २०२४, दोहा. वर्ल्ड कप पात्रता, कतारविरुद्ध. छांगतेच्या गोलवर आपण एक-शून्यनं पुढं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतनं बॉल अडवला, बॉल गोललाइनच्या बाहेर गेला. कतारच्या खेळाडूनं तो बाहेरून पायानं आत ओढला, दुसऱ्यानं गोल केला आणि रेफ्रीनं दिला! आपली पोरं हात वर करून उभीच. मग आणखी एक खाल्ला आणि २-१ नं बाहेर.

त्या फेरीत व्हीएआरच नव्हता. आणि त्याच कतारमध्ये दीड वर्ष आधी, वर्ल्ड कपात, जपान-स्पेन सामन्यात जपानच्या मितोमानं असाच रेघेवरून ओढलेला बॉल व्हीएआरनं तपासला, मिलिमीटरभर आत निघाला, गोल मान्य झाला आणि त्या निकालानं जर्मनी घरी गेली. मोठ्यांच्या सामन्यात मिलिमीटर मोजायचा, आपल्या सामन्यात वीतभर बाहेरचा दिसायचा नाही. ह्याला चूक म्हणायचं?

मी त्या रात्री नांदेडला ड्यूटीवर होतो. मोबाइल आपटला. स्क्रीनचे अडीच हजार गेले, ते वेगळेच.

चुन्याची रेघ | सोमवार, सकाळी ७.२२

मोबाइलचा निषेध अर्ज फिफाकडं द्या.

वाळूजचा करवीरकर | सोमवार, सकाळी ९.४८

मी मूळ कोल्हापूरचा, नोकरीपायी वाळूज एमआयडीसीत. तुमचा धागा वाचून माया आली. एका पेनल्टीवरून एवढं? आमच्याकडं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच बघा एकदा शाहू स्टेडियमवर. कॉर्नर दिला का थ्रो, यावर पेठेपेठेत आठवडाभर बोलणं बंद. रेफ्री कुठल्या गल्लीत राहतो, त्याची सासुरवाडी कुठल्या पेठेत, सगळा इतिहास प्रेक्षकांना पाठ. माझे आजोबा सांगायचे, रेफ्रीनं बिनलग्नाचं असावं, म्हणजे सासऱ्याकडून दबाव येत नाही.

इथं संभाजीनगरला आल्यावर आमखास मैदानावर मॅच बघितली. शांतता. मला करमेना.

लातूरचा लेफ्टबॅक | सोमवार, सकाळी १०.१०

@वाळूजचा करवीरकर, तुमच्याकडं फुटबॉल राजाश्रयानं वाढला, आमच्याकडं पाण्याच्या टँकरमागं पळून स्टॅमिना वाढला. २०१६ ला आमच्याकडं पाणीसुद्धा रेल्वेनं आलतं, तेही तुमच्या मिरजेवरून, त्याबद्दल आभार. पण मैदानावर गवत नसताना स्लाइड टॅकल करून दाखवा, मग बोलू.

तालमीतला | सोमवार, दुपारी १२.३०

फुटबॉलचं मला काही कळत नाही, पण पंचाचं कळतं. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. शिवराज राक्षे आपल्या नांदेडकडून लढत होता. पाठ टेकली का नाही यावरून वाद, पंचांनी त्याच्या विरुद्ध निर्णय दिला, यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी घेतली. गावाकडं पारावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो पाठ टेकलीच नव्हती. दुसरा म्हणतो टेकली असो-नसो, लाथ मारली तिथंच कुस्ती हरला.

मी दुसऱ्या तटाचा. पण पहिल्यालाही मी कधी खोटं म्हणालो नाही.

बाभूळकाटा | सोमवार, दुपारी १.०२

@तालमीतला, लाथ कुणी मारली नाही हो आमच्यात. मैदान सोडून जायचं मात्र ठरत होतं.

रात्री दीडला जागा | सोमवार, दुपारी १.२०

बरं झालं गेला नाहीत. मार्च २०२३, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) बाद फेरी. बंगळुरूच्या छेत्रीनं एक्स्ट्रा टाइममध्ये झटकन फ्री किक मारली, केरला ब्लास्टर्सचा गोलकीपर खेळाडूंची भिंत लावत होता, गोल झाला. केरला म्हणे की शिट्टीच वाजली नाही, आणि अख्खी टीम बाहेर निघून गेली. फेडरेशननं क्लबला ४ कोटी दंड ठोकला, कोचवर दहा सामन्यांची बंदी घातली. तुमच्या टीमची वर्गणी किती जमते?

बाभूळकाटा | सोमवार, दुपारी १.२३

जर्सीचे अजून सहा जणांकडून यायचेत.

उदगीरची पोर | सोमवार, दुपारी ४.१७

मुलींच्या मॅचचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं रेफ्री पक्षपाती आहे का हा प्रश्न फार पुढचा, आधी तो येतो का हे बघायचं. आंतरशालेय सामन्याला रेफ्री म्हणून समोरच्याच शाळेचे सर उभे राहिले. आमच्या मॅडमनी आक्षेप घेतला तर म्हणाले, "मग तुम्ही करा." मॅडमनी शिट्टी गळ्यात घातली. अर्ध्या तासात त्यांनी स्वतःच्याच शाळेला, म्हणजे आम्हाला, दोन पेनल्टी विरुद्ध दिल्या! घरी येईपर्यंत कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

आता वाटतं, त्या एकट्याच सरळ होत्या. कदाचित जरा जास्तच सरळ, दुसरी पेनल्टी नव्हतीच.

डिसेंबर २०२२ ला फ्रान्सच्या महिला रेफ्री स्टेफानी फ्रापार यांनी पुरुषांच्या वर्ल्ड कपात कोस्टारिका-जर्मनी सामना सांभाळला, तेव्हा मी मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "तिला लाइनमन असतील गं चांगले."

शिट्टी नंबर दोन | सोमवार, रात्री ९.३५

दोन दिवस वाचतोय. मी रेफ्री आहे. जिल्ह्यातले, शाळेतले सामने गेली अकरा वर्षं करतो. परभणीच्या त्या सामन्याला मी नव्हतो, हे आधीच सांगतो. ज्यानं केला तो मला माहीत आहे, नाव सांगणार नाही.

@बाभूळकाटा, आधी हाताचं. 'हाताला लागला' म्हणजे फाउल, असं नियमात नाही. मुद्दाम लावला का, किंवा हात अशा जागी होता का की शरीराचा आकार उगाच मोठा झाला, हे बघायचं असतं. हात कुठून सुरू होतो हेही ठरलेलं आहे, काखेच्या खालच्या रेषेपासून. खांद्याला लागला तर खेळ चालू. हे नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. २०२१ पर्यंत सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून लगेच गोल झाला तर तो रद्द व्हायचा, आता होत नाही. गोल मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागला तर मात्र होतो. आमच्या निम्म्या रेफ्रींना हा फरक व्हॉट्सअॅपवरून कळला. म्हणजे एकाच स्पर्धेत सकाळचा रेफ्री जुन्या नियमानं देतो, संध्याकाळचा नव्यानं. तुम्हाला पक्षपात दिसतो, तो खरा तर पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांचा घोळ असतो.

आता मैदानाचं. वर्ल्ड कपात एका सामन्याला चार-पाच माणसं मैदानाजवळ, अजून काही खोलीत. माझ्याकडं दोन लाइनमन असतात, त्यातला एक यजमान क्लबचा राखीव खेळाडू, त्याचं सगळं लक्ष कोच आपल्याला कधी उतरवतो तिकडं. फक्कीची रेघ पहिल्या दहा मिनिटांत वाऱ्यानं उडते. पूर्ण बॉल रेघेच्या पलीकडं गेला तर गोल, असा नियम. रेघच नाही तर मी काय बघू? दिवसाला तीन सामने करतो. तिसऱ्या सामन्यात मी प्रत्येक वेळी डीपर्यंत पोचत नाही. पहिल्या पेनल्टीला रेफ्री जवळ असेल, दुसऱ्या वेळी चाळीस पावलं मागं असेल. लांबून हात दिसला नाही तर देता येत नाही. दिसला असेल असं वाटलं म्हणून दिली तर तो खरा अन्याय.

मानधन साडेतीनशे, चहा-पोहे, प्रवास आपला. एकदा जालन्याहून परत येताना मोटारसायकलची हवा सोडलेली होती, चार किलोमीटर ढकलत नेली.

आणि रस. त्या मैदानाजवळ सावली एकच आहे, रसवंतीची. सगळेच तिथं जातात.

चुन्याची रेघ | सोमवार, रात्री ९.४१

पैसे कुणी दिले ते अजून राहिलंच.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.०५

शिट्टी सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मग सगळं माफच का? प्रत्येक चुकीला ऊन, रेघ, साडेतीनशे रुपये. ह्यात यजमान संघाविरुद्ध चूक झालेली कधी ऐकली नाही मी.

शिट्टी नंबर दोन | सोमवार, रात्री १०.२८

हा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर आहे.

चारशे माणसं एकाच वेळी ओरडली की शिट्टी आपोआप तोंडाकडं जाते. मी हे स्वतःच्या बाबतीत बघितलंय. कोविडच्या काळात युरोपात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, त्यावर बरेच अभ्यास झाले. पाहुण्या संघाला एरवी जास्त कार्ड मिळतात, ते प्रेक्षक नसताना कमी झालं. त्या रेफ्रींना कुणी पैसे दिले नव्हते. फक्त कानात आवाज नव्हता.

तेव्हापासून मी एक करतो. मोठा आवाज झाला की मनात दोन आकडे मोजतो, मग शिट्टी. लोक म्हणतात, हा रेफ्री झोपतो.

जुना बुकी नव्हे | मंगळवार, सकाळी ८.५०

सगळे रेफ्री साधू, असं चित्र होऊ लागलंय म्हणून आठवण करून देतो. इटली, २००६. युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली आणि टीम दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये टाकली. प्रकरण काय होतं? क्लबच्या पदाधिकाऱ्यांचे फोन पकडले गेले, ते रेफ्री नेमणाऱ्या लोकांशी बोलत होते. कुठल्या सामन्याला कोण पाहिजे, याबद्दल. शिट्टी वाजवणारा विकत घ्यायची गरजच नसते. तो कोण असेल हे ठरवता आलं की झालं.

आता सांगा, परभणीच्या फायनलला रेफ्री कुणी ठरवला?

बाभूळकाटा | मंगळवार, सकाळी ९.०५

आयोजकांनी. आयोजकांचीच टीम फायनलला होती.

जुना बुकी नव्हे | मंगळवार, सकाळी ९.०६

मग उसाच्या रसात काय शोधायलाव?

वाळूजचा करवीरकर | मंगळवार, सकाळी ९.३०

हे मात्र शंभर टक्के. क्रिकेटमध्येही आधी प्रत्येक देश घरचे अंपायर उभे करायचा आणि पाहुणे शिव्या घालत परत जायचे. १९९४ पासून कसोटीत एक तिसऱ्या देशाचा आला, २००२ पासून दोन्ही. चुका राहिल्या, पण 'घरचा आहे' हे बोलणं संपलं. तुम्ही परभणीच्या सामन्याला हिंगोलीचा माणूस आणा की. तासा-दीड तासाचं तर अंतर.

उदगीरची पोर | मंगळवार, सकाळी १०.१२

आणि त्याला बोलू द्या! २०२३ च्या महिला वर्ल्ड कपात रेफ्री माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगायच्या की व्हीएआरमध्ये काय बघितलं आणि निर्णय का बदलला. आमच्या सरांना कारण विचारलं की "मला शिकवू नको" हेच उत्तर. राग निर्णयाचा अर्धा, ह्या उत्तराचा अर्धा.

शिट्टी नंबर दोन | मंगळवार, सकाळी ११.४०

ताई, सांगायला माझी ना नाही. पण एकाला सांगेपर्यंत अकरा जण अंगावर येतात, मागून कोच, त्यामागून कोचचा भाऊ. २०२४ च्या युरो कपात फक्त कॅप्टननंच रेफ्रीशी बोलायचं, असं ठरवलं होतं. हे जमत असेल तर मी प्रत्येक निर्णयाचं कारण द्यायला तयार आहे. घसा बसला तरी.

लातूरचा लेफ्टबॅक | मंगळवार, दुपारी १२.०२

आमच्याकडं कॅप्टन कोण यावरूनच भांडण असतंय. तीन जण हाताला पट्टी बांधून येतात.

बाभूळकाटा | मंगळवार, रात्री ८.४४

अपडेट. माझ्या चुलतभावानं मोबाइलवर अर्धी मॅच घेतली होती. आज भाकरी खात खात चार वेळा बघितली.

पहिली पेनल्टी: आमच्या स्टॉपरचा हात खांद्याच्या उंचीवर, बाजूला पसरलेला. म्हणजे शिट्टी सरांच्या हिशोबानं पेनल्टीच. मी मैदानात उलट्या बाजूला होतो, मला फक्त कोपर दिसलं होतं. स्टॉपरला विचारलं तर म्हणतो, "मी तवाच तुला सांगणार होतो, पण तू लई ओरडत होतास."

दुसरी: त्यांच्या पोराचा हात अंगाला चिकटून नव्हता. पेनल्टी होती. भावाला विचारा, घरच्यांना विचारा, माझी आई पण म्हणाली होती म्हणून. रेफ्री मात्र खरंच लांब, सेंटर सर्कलच्या जरा पुढं, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

म्हणजे माझी तक्रार अर्धी गेली आणि अर्धी पक्की झाली. आयोजकांना पत्र दिलंय: पुढच्या वर्षी फायनलचा रेफ्री बाहेरच्या जिल्ह्याचा, आणि त्याच दिवशी त्याला दुसरी मॅच द्यायची नाही.

आणि हो, रसवंतीवाल्याला विचारलं. रेफ्रीनं स्वतःचे पैसे दिले. मॅनेजरची उधारी आहे, एप्रिलपासून.

चुन्याची रेघ | मंगळवार, रात्री ८.४७

माझ्याकडून धागा बंद.

बाभूळकाटा | मंगळवार, रात्री ८.५५

थांबा, बंद करू नका. येत्या रविवारी सेलूला आमची मैत्रीपूर्ण मॅच आहे. दोन्ही टीमला बाहेरचा माणूस पाहिजे. पाचशे रुपये, एसटीचं भाडं, दोन्ही वेळचं जेवण. एकच मॅच. इथल्यांपैकी कोण येतं शिट्टी घेऊन?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९.०१

रविवारी माझी ड्यूटी आहे.

वाळूजचा करवीरकर | मंगळवार, रात्री ९.०३

सासुरवाडीला जायचंय.

लातूरचा लेफ्टबॅक | मंगळवार, रात्री ९.०४

गुडघा.

रात्री दीडला जागा | मंगळवार, रात्री ९.१०

मॅच किती वाजता? नाही, असंच विचारतोय. मी दुपारी झोपलेला असतो.

उदगीरची पोर | मंगळवार, रात्री ९.३३

मॅडमना विचारून बघते. पण त्या पेनल्टी देतात, आधीच सांगते.